नकाशातून पुसलेली खोली

न्यूयॉर्कच्या घरबाजारात ‘प्रीवॉर’ या शब्दाला मोठा भाव आहे. प्रीवॉर म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेले. उंच छत, जाड भिंती, लाकडी जमीन. त्यात ते दुमजली असेल, नव्याने दुरुस्त केलेले असेल आणि मागे स्वतःची बाग असेल, तर विचारायलाच नको. ब्रुकलिनमधले असे एक घर मी भाचीबरोबर पाहून आले. तिच्या मैत्रिणीला ते घ्यायचे होते. घर सुंदर होते, हे मोकळेपणाने सांगते. त्या गर्दीच्या शहरात चार झाडे आणि आभाळाचा तुकडा कोणाला नको असेल?

पण कुठलेही घर पाहताना मी एक गोष्ट शोधते. इथे राबणारी बाई कोणत्या दाराने येत होती?

तपकिरी दगडाच्या या जुन्या घरांत ते शोधणे अवघड नाही. रस्त्यावरून ऐसपैस पायऱ्या चढून मालक-मालकीण थेट बैठकीच्या मजल्यावर जात. त्याच पायऱ्यांच्या पोटात एक बुटके दार असे. ते नोकरांचे आणि सामान आणणाऱ्यांचे. आत, रस्त्याच्या पातळीहून थोडे खाली, स्वयंपाकघर. मागे कपडे वाळत घालायचे आवार. आज ‘खाजगी बाग’ म्हणून ज्याचे जादा पैसे मोजतात, ते मुळात धुण्याच्या दोऱ्यांचे अंगण!

युद्धापूर्वीच्या मोठ्या इमारतींतल्या फ्लॅटचे नकाशे तर अधिकच बोलके. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली, तिला चिमुकली न्हाणी, ये-जा करायला वेगळे दार आणि वेगळी लिफ्ट. नकाशावर स्पष्ट लिहिलेले असते, ‘मेड्स रूम’. नूतनीकरणात भिंत पडते ती बहुधा हिचीच.

यावर एखादी मैत्रीण म्हणेल, बरेच झाले की! तिचे खरे आहे. मालकाच्या घरी राहणे म्हणजे रात्री-अपरात्री हाकेला ओ देणे. म्हणूनच तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी राहते काम सोडून रोजचे येऊन-जाऊन काम पत्करले. ही त्यांची कमाई होती, कोणी दिलेली भेट नव्हे. पण खोली गेली म्हणून भांडी, फरशी, लेकरू यांचे काम गेले का? ते करणारी आता दूरच्या वस्तीतून लोकलने येते, एवढेच.

आणि रोजंदारीत तरी काय होते? १९३५ साली एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी ‘द क्रायसिस’ मासिकात ब्राँक्समधल्या ‘गुलामबाजारा’वर लेख लिहिला. मंदीने गांजलेल्या कृष्णवर्णीय बाया रस्त्याच्या कोपऱ्यावर ताटकळत, मालकिणी येऊन तासावर ठरवून नेत. तासाला १५ सेंटांपासून ३० सेंटांपर्यंत. आपल्याकडचे मजूर नाके डोळ्यांसमोर आणा. घासाघीस करणारीही बाईच होती, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो.

त्याच वर्षी कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत झाला. त्यातून घरकामगार वगळल्या. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातही त्यांना जागा मिळाली नाही. ती मिळायला १९७४ उजाडले. घर हे कामाचे ठिकाण नव्हेच, असे सरकारने ठरवून टाकले होते. न्यूयॉर्क राज्यात घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा झाला तो २०१० साली, तोही ‘डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड’च्या बायांनी वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर. जादा तासांचा जादा मोबदला, आठवड्याला एक सुटी, आणि वर्षभर काम केल्यावर तीन दिवसांची भरपगारी रजा. तीन दिवस!

हसू नये, कारण आपल्याकडे तेवढेही नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा शहराला पहिल्यांदा कळले की ही बाई कामगार आहे. २००८ मध्ये राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. तो कल्याणाचा, सुटी मालकिणीच्या मर्जीवरच राहिली. २०११ चा आंतरराष्ट्रीय घरकामगार करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही. आणि न्यूयॉर्कमध्ये जी खोली पाडतात, ती मुंबई-पुण्याच्या टॉवरांत आता ‘सर्व्हंट रूम’ म्हणून ऐटीत विकली जाते. एक पलंग कसाबसा मावेल अशी, कित्येकदा खिडकीशिवाय.

बिल्डरला शिव्या घालणे सोपे आहे. मला विचारायचे आहे ते आपल्याच संघटनांना. आपल्या कार्यालयात झाडलोट करायला, शिबिरात पन्नासजणींचा स्वयंपाक करायला ज्या बाई येतात, त्यांची रजा कोणत्या वहीत लिहिली जाते? त्या आजारी पडल्या तर पगार कापतो का? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि त्या बैठकीत त्यांनाही बसवा. चहा त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी करावा.