प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?

सिनेमावर बोला, गाण्यावर बोला, भाड्याच्या खोलीवर बोला. आम्ही तोंड उघडलं की ठरलेला प्रश्न येतो : ‘तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?’ विचारणारी माणसं दुष्ट नसतात. शिकलेली असतात, ऑफिसात आमच्या शेजारी बसून डबा खातात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी गाण्याचं घेऊ. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. त्यावरून वाद झाला आणि त्या पोराला जिवानिशी मारलं. तिथे जात कोणी आणली? खिशात फोन ठेवणाऱ्याने, की ते गाणं ऐकून ज्यांच्या अंगाचा तिळपापड झाला त्यांनी?

आता सिनेमा. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. ‘झिंगाट’वर थिएटरात लोक नाचले आणि शेवटी तान्ह्या पोराची रक्ताने भरलेली पावलं पाहून गप्प झाले. २०१८ मध्ये त्याचाच हिंदी ‘धडक’ झाला. गोष्ट उदयपूरला गेली आणि जात जाता जाता उल्लेखापुरती उरली. राहिले श्रीमंत मुलगी, साधा मुलगा आणि चिडलेलं घराणं. नागराज मंजुळेंनी जे दाखवायला सिनेमा काढला, नेमकं तेच गाळलं. जात आणल्याचा हिशेब आम्हाला मागता. मग जात गाळणाऱ्यांना कधी विचारलंत का?

आणि खोली? घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळलं नाही तर ‘नॉनव्हेज खाता का?’ तेवढ्याने भागलं नाही तर ‘गाव कोणतं?’ भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. या संवादात आम्ही फक्त उत्तरं दिलेली असतात.

ज्याच्या वाटेत जात कधी आडवी आली नाही, त्याला ती दिसत नाही. त्याला ती आमच्या बोलण्यातच पहिल्यांदा ऐकू येते, म्हणून ती आम्हीच आणली असं वाटतं.

ही तक्रार नवी नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषण वाचून परिषदच रद्द केली. जात तोडायला निघालेल्यांनाही जातीवरचं स्पष्ट बोलणं झेपलं नाही. बाबासाहेबांनी मजकूर बदलला नाही. भाषण स्वतः छापलं.

तेव्हा मित्रांनो, जात नको असेल तर आम्हाला गप्प करू नका. तुमच्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये भाडेकरूचं आडनाव विचारलं जाईल, तेव्हा उभं राहून एकदा म्हणा, ‘इथे जात कशाला आणता?’ प्रश्न तुमचाच आहे, पाठही आहे. फक्त योग्य माणसाला विचारा.

जय भीम!