किंमत सांगितली; घर कुणी सांगायचे?

दुबईच्या अल कुसैसमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले मराठी कुटुंब घर विकत घ्यायला निघते, तेव्हा ते बहुधा कुसैसमध्ये घेत नाही. दुबईने 2006 च्या 7 क्रमांकाच्या कायद्याने आणि त्याच वर्षीच्या नियमाने परदेशी नागरिकांना मालकी हक्काचे घर ठरावीक भागांतच खुले केले. त्या यादीत कुसैसच्या जुन्या निवासी वस्तीचे नाव नाही. म्हणून तिथे भाड्याने राहायचे आणि घर डोंबिवली, बदलापूर, ठाणे नाहीतर पुण्यात करायचे, हा अनेकांचा शिरस्ता. त्यातले काही जण टॉवरमधला फ्लॅट सोडून जुन्या बंगल्याकडे वळतात. पुढे थोडे अंगण, मागे आंबा, आईवडिलांना तळमजला आणि मुलांना वरची खोली, असा त्यामागे विचार असतो.

मग आपल्यापैकी कुणाला तरी फोन येतो, ‘जरा घर बघून या आणि घ्यावे की नाही ते सांगा.’ आपण जातो, टेप लावतो, फोटो काढतो आणि आकडा कळवतो. विचारले होते एक, सांगितले दुसरेच. या महिन्याचे संपादकीय मूल्यनिर्धारक, संरचना अभियंते आणि वास्तुविशारद या आपल्या तिन्ही वाचकवर्गांसाठी आहे, कारण ही गफलत तिघांकडूनही होते.

मूळ अडचण आपल्या सवयीत आहे. आपली बहुतेक मूल्यांकने बँकेसाठी होतात. कर्ज बुडाले तर जागा विकून किती वसूल होईल, एवढेच बँकेला जाणून घ्यायचे असते. बँकेचे तेवढे भागते, पण त्या घरात राहणाऱ्याचे भागत नाही. 1985 साली बांधलेला आरसीसी बंगला घ्या. आयुष्य 60 वर्षे, भंगारमूल्य 10 टक्के धरून सरळ घसारा लावला, तर 40 वर्षांनी 60 टक्के घसारा निघतो आणि बांधकामाचे 40 टक्के मूल्य उरते. ते जमिनीच्या किमतीत मिळवले की झाला अहवाल. शेजारी त्याच साली बांधलेला दुसरा बंगला असेल, तर त्यालाही हाच घसारा. मग एकाची गच्ची कोरडी असो आणि दुसऱ्याच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या असोत. कुटुंबाचे पुढचे सगळे पैसे ज्या फरकात जाणार, तो फरक या आकड्यात कुठेच दिसत नाही.

समोरचा खरेदीदार अडाणी असतो, असे मात्र समजू नये. वस्ती निवडण्यात तो आपल्यापेक्षा मुरलेला असतो. 2011 च्या सप्टेंबरात मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाल्यापासून स्थानक किती पावलांवर आहे, हे त्याने घर बदलताना पाहिलेले असते. औद्योगिक भाग कुठे सुरू होतो, शारजाच्या हद्दीवर सकाळी गाड्या कुठे तुंबतात, विमानांचा आवाज कुठल्या बाजूला जास्त येतो, मुलांच्या शाळेची बस कुठपर्यंत येते, हे त्याला पाठ असते. 16 एप्रिल 2024 च्या विक्रमी पावसाने तर कुठल्या गल्लीत पाणी साचते आणि कुठला तळघरातला पार्किंगतळ भरतो, हेही दुबईकरांना शिकवले. वस्तीबद्दलचे त्याचे प्रश्न तयारच आहेत. डोंबिवलीबाबत तेच प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही, ही कमतरता आपली.

त्याला जे माहीत नसते, ते भाडेकरू म्हणून राहिल्यामुळे माहीत नसते. तिथे पाण्याची टाकी, गच्ची, सांडपाण्याची वाहिनी, इमारतीची रंगरंगोटी हे सगळे मालकाच्या माणसांनी पाहायचे. त्याचा संबंध भाड्याचे धनादेश, करारनोंदणी आणि वीज-पाण्याचे बिल यांच्याशी. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर जुना बंगला पाहताना त्याची नजर फरशीवर, ओट्यावर आणि बाथरूमच्या टाइल्सवर जाते. वर गच्चीवर किंवा खाली चेंबरमध्ये डोकावायला तो सांगत नाही. तिथे डोकावणे हे आपले काम.

व्हिडिओ कॉलचीच एक गोची सांगतो. 2022 पासून अमिरातीत शनिवार-रविवार साप्ताहिक सुटी आहे. म्हणजे कॉल होतो रविवारी सकाळी. डोंबिवली पूर्वेचा एमआयडीसी निवासी विभाग रविवारी सकाळी फार सुरेख दिसतो. झाडांची सावली, रिकामे रस्ते. हाच भाग कामाच्या दिवशी रात्री दहानंतर पाहावा आणि वाऱ्याची दिशा बदलल्यावर नाकाने तपासावा. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन दिवशी तिथल्या रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी आसपासच्या घरांच्या काचा फोडल्या, माणसे मारली. घरापासून सर्वांत जवळचा रासायनिक कारखाना किती मीटरवर आहे आणि त्यात काय बनते, ही माहिती अशा घराच्या अहवालात पहिल्या पानावर असली पाहिजे. सध्या ती शेवटच्या पानावरही नसते. स्फोटाच्या हादऱ्याने भिंतींना तडे गेले होते का, खिडक्यांच्या चौकटी हलल्या होत्या का, हेही शेजाऱ्यांना विचारून लिहावे. मालकाने नंतर प्लास्टर करून घेतले असेल, तर भिंत काही बोलणार नाही.

पुण्यात हाच प्रश्न पाण्याचा आहे. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरानंतर शहराच्या कडेने उभ्या राहिलेल्या वसाहतींना आज जुने उपनगर म्हणतात. ओढ्याकाठची जागा तेव्हा शांत वाटली असेल. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वर भागात काय केले, आणि 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी कसे शिरले, हे आपल्या सगळ्यांना आठवते. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर पाहायला अर्धा तास पुरतो. त्यापुढची माहिती नकाशात नसते. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, ते कोपऱ्यावरचा वाणी सांगतो.

जुन्या उपनगरांतली आणखी एक गोष्ट आपण पाहतो, पण नोंदवत नाही. बंगला बांधला तेव्हा जोते रस्त्यापासून दोन फूट उंच होते. नंतर डांबरावर डांबर चढले, मग काँक्रीट आले, आणि आज रस्ताच अंगणापेक्षा उंच झाला आहे. अशा घरात पावसाचे पाणी बाहेर जात नाही, ते आत येते. रस्त्याच्या मध्यापासून जोत्यापर्यंतची उंची मोजून लिहायला एक पातळी-नळी पुरते. ही मोजणी प्रत्येक अहवालात सक्तीची करावी, असे आमचे मत आहे.

आता प्रत्यक्ष बांधकाम. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा, आणि 30 वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायला सांगितले आहे. एकट्या बंगल्याला संस्था नाही, सचिव नाही, वार्षिक सभा नाही. कायद्यात तरतूद असली तरी विचारायला कुणी येत नाही, म्हणून चाळीस वर्षांत एकदाही परीक्षण न झालेली घरे सर्रास सापडतात. सुरुवात हातोडीने ठोकून पाहण्यापासून व्हावी. स्लॅब पोकळ वाजतो का, छज्ज्याच्या खालच्या बाजूला कव्हर सुटले आहे का, बाथरूमच्या बुडीत स्लॅबखाली डाग आहेत का, ते पाहावे. शंका आली तर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, कार्बोनेशन चाचणी आणि सळयांच्या गंजासाठी हाफ-सेल चाचणी करावी. गच्चीवर गळती थांबवायला कोब्यावर कोबा किती वेळा घातला, हे खास विचारावे. प्रत्येक थराने स्लॅबवरचे वजन वाढते आणि गळती मात्र बहुतेकदा जागेवरच राहते. जुन्या वायरिंगला अर्थिंग आहे का, सांडपाणी पालिकेच्या वाहिनीत जाते की अजून सेप्टिक टाकीत, पाण्याची जोडणी कुणाच्या नावावर, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, या प्रश्नांची उत्तरे चाचणीशिवाय मिळतात. फक्त विचारावी लागतात.

तपासणीची वेळही आपल्या बाजूची आहे. अमिरातीतल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुटी असते आणि कुटुंब गावी येते ते ऐन पावसाळ्यात. विक्रेता मे महिन्यात रंग काढून ठेवतो. रंग जुलैपर्यंत टिकतो, पण ओल त्यातूनही वर येते. खरेदीदाराला सांगावे, टोकन देण्याआधी एक पाऊस घरावर पडू द्या. दोन महिने थांबल्याने सौदा हातचा गेला तर जाऊ द्यावा.

कागदपत्रांचे काम वकिलाचे, हे खरे. पण मंजूर नकाशा हातात घेऊन घर फिरणे वकिलाला जमत नाही. बंदिस्त केलेली बाल्कनी, मागचे आउटहाउस, गच्चीवरचा पत्रा, भोगवटा प्रमाणपत्रात नसलेला मजला या गोष्टी फक्त आपल्याला दिसतात. एमआयडीसीचा भूखंड असेल तर तो भाडेपट्ट्याचा असतो, साधारण 95 वर्षांचा. त्यातली किती वर्षे उरली आणि हस्तांतरणाची परवानगी लागणार, हे मूल्यांकनात यायला हवे. शहराच्या कडेच्या घराखालची जमीन अजून बिनशेती झालेली नसेल, तर तिथेच थांबावे. अनिवासी भारतीयाला निवासी घर घेता येते. शेतजमीन, मळा आणि शेतघर विकत घेता येत नाही. विक्रेत्याच्या हातात नुसते मुखत्यारपत्र असेल तर सूरज लॅम्प खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल आठवावा. मुखत्यारपत्राच्या विक्रीने मालकी मिळत नाही. शेवटी विकास आराखडा पाहावा, रस्तारुंदीची रेषा अंगणातून जाते का आणि 2020 च्या एकत्रित नियमावलीनुसार शेजारच्या भूखंडावर किती मजले उठू शकतात. आज खिडकीतून दिसणारा आंबा शेजाऱ्याचा असेल, तर तो गृहीत धरू नये.

एवढे सगळे एका भेटीत आणि बँकेच्या फीमध्ये होत नाही, अशी तक्रार येईल. ती रास्त आहे. म्हणूनच हे काम वेगळे आहे, त्याची फी वेगळी आहे, आणि ती फक्त खरेदीदाराकडून घ्यायची आहे. विक्रेत्याकडून किंवा एजंटाकडून एक रुपयाही घेतला असेल तर अहवालाला हात लावू नये. भावनेच्या भरात घर घेणाऱ्याला ‘घेऊ नका’ असे लिहून देण्याची हिंमत त्या फीमध्ये धरलेली आहे.

या अहवालासाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो. पहिले पान साध्या मराठीत असावे, घरातल्या आजीलाही वाचून कळेल असे. वस्तीची पाहणी तीन वेळांना करावी: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहानंतर आणि मुसळधार पावसात. पुढच्या पाच वर्षांचा दुरुस्तीखर्च आकड्यात द्यावा आणि तो किमतीशेजारीच छापावा. आणि एक स्वतंत्र रकाना ‘पाहता आले नाही’ या नावाचा ठेवावा. कुलूपबंद खोली, झाकलेले चेंबर, माळ्यामागची भिंत, जे राहिले ते त्यात लिहून खाली सही करावी. दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या खात्रीइतकीच आपल्या अज्ञानाची सीमाही कळायला हवी.

पुढच्या अंकात या अहवालाचा नमुना छापत आहोत. आपल्या गावच्या, आपल्या मातीच्या आणि पावसाच्या अनुभवाने त्यात काय घालावे, काय काढावे, ते कळवा. आणि नमुना येण्याची वाट न पाहता पुढच्या जुन्या घराला जाताना टेपबरोबर पातळी-नळी आणि हातोडी पिशवीत टाका.