दोष मातेचा नव्हे

संशोधनासाठी पाळलेली माकडीण गाभण राहते, दिवस भरत येतात आणि एके सकाळी तिच्यापाशी मृत पिल्लू आढळते. आदल्या सायंकाळपर्यंत ती नेहमीसारखी खातपीत असते; ताप नाही, ग्लानी नाही. अशा घटनांचा छडा लावताना पशुवैद्यांना अनेकदा लिस्टेरिया नावाचा जिवाणू सापडलेला आहे. माती, कुजका पाला व दूषित अन्न यांतून तो पोटात जातो आणि मातेला विशेष उपद्रव न देता वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

झिका विषाणूची कथाही अशीच आहे. 1947 साली युगांडातील झिका अरण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात तो प्रथम सापडला. अमेरिकेतील संशोधनकेंद्रांतून एकत्र केलेली माहिती 2018 साली प्रसिद्ध झाली. गर्भारपणाच्या आरंभी झिकाची लागण झालेल्या माकडिणींपैकी 26 टक्के माकडिणींचे गर्भ दगावले होते. त्यांच्या अंगावर मात्र रोगाची चिन्हे फारशी नव्हती.

या मुक्या मातांना कोणाची दृष्ट लागली होती? कोणते पूर्वजन्मीचे पाप त्यांना भोवले? हा प्रश्न आम्ही हेतुपुरस्सर विचारीत आहोत. मूल पोटात दगावले की आजही कित्येक घरांत सुनेच्या पायगुणाची चर्चा होते, नवस बोलले जातात. वार तपासून घ्यावी, रक्त तपासावे, हे मात्र कोणाला सुचत नाही. प्रत्येक गर्भपाताचे मूळ जंतूंतच असते असे नव्हे. परंतु तपासणीवाचून ते कळणार कसे? लिस्टेरिया स्त्रियांच्या गर्भालाही घातक आहे. तो शीतकपाटातही वाढतो. दूध नीट उकळले की मरतो. झिका डासांमार्फत पसरतो, आणि 2024 साली पुण्यात आढळलेल्या रुग्णांत गर्भवती स्त्रियाही होत्या.

एक ऋण मात्र विसरता येणार नाही. मारुतिरायाला भजणाऱ्या या देशाने 1978 साली माकडांची निर्यात बंद केली, तोवर ती हजारोंनी परदेशी प्रयोगशाळांत गेली होती. बंदिवान प्राण्याला आपले अन्न निवडता येत नाही, की आजारी सोबत्यापासून दूर जाता येत नाही. तेव्हा स्वच्छ आहार, नव्याने आणलेल्या प्राण्यांचे विलगीकरण आणि दगावलेल्या प्रत्येक गर्भाची तपासणी हे त्याला कोंडणाऱ्याचे कर्तव्य ठरते. त्याच्या दुःखातून मिळालेले ज्ञान आमच्या घरातील मातेच्या उपयोगी पडावे, आणि तिच्या माथी मारलेला दोष कायमचा पुसला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.