वायू वेगळा केला, पण सोडला कुठे?

हॉटेलांतील उरलेले अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून वीज तयार करण्याचा प्रकल्प नाशिक महापालिकेने जर्मनीच्या ‘जीआयझेड’ संस्थेच्या मदतीने उभारला. वीज करायची तर बायोगॅस थोडाफार अशुद्ध असला तरी चालतो. गाडीत भरायचा किंवा शहराच्या गॅसवाहिनीत सोडायचा तर चालत नाही. केंद्राच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेने देशभर याच दुसऱ्या वाटेला जोर दिला आहे.

कुजण्यातून निघणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. भारतीय मानकानुसार वाहनात भरायच्या वायूत मिथेन किमान ९० टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४ टक्के असावा लागतो. समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक वायूतूनही कार्बन डायऑक्साइड असाच काढावा लागतो. तो पाण्याने किंवा रसायनाने धुऊन काढता येतो, तसाच पातळ पडद्यातून गाळूनही काढता येतो. १९८० च्या दशकापासून उद्योगात असे पडदे वापरात आहेत.

हा पडदा समजायला आपले फुप्फुस पुरेसे आहे. हवा आणि रक्त यांच्यामध्ये तिथे जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा पडदा असतो. कार्बन डायऑक्साइड त्यातून ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहजतेने जातो, कारण तो पाण्यात अधिक विरघळतो. कारखान्यातला संमिश्र पडदाही असाच: खाली सच्छिद्र, भक्कम आधार आणि वर बहुवारिकाचा अतिशय पातळ थर. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मिथेनपेक्षा लहान. शिवाय तो या थरात जास्त विरघळतो. म्हणून तो पार होतो आणि मिथेन बहुतांशी मागे राहतो. थरात झिओलाइटसारखे सूक्ष्म कण मिसळले की निवड आणखी काटेकोर होऊ शकते.

‘बहुतांशी’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. थोडा मिथेन कार्बन डायऑक्साइडबरोबर निसटतोच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. हा निसटलेला वायू तसाच हवेत सोडला, तर एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने घालवल्यासारखे होईल.

डॉक्टर म्हणून मला त्याहून जवळची काळजी हायड्रोजन सल्फाइडची वाटते. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू बायोगॅसमध्ये असतोच. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, टाकीत साचतो. दशलक्षात शंभर भागांच्या आसपास तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. म्हणजे ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ हा समज जीवघेणा आहे. अशा अपघातात पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा बळी ठरतो. रुग्णालयात आमच्या हाती प्रामुख्याने ऑक्सिजन आणि कृत्रिम श्वास एवढेच असते, आणि तेही रुग्ण जिवंत पोहोचला तर.

म्हणून पडद्यांचे स्वागत करताना तीन अटी घालायला हव्यात. हायड्रोजन सल्फाइड पडद्याच्या आधीच लोहऑक्साइड किंवा सक्रिय कोळशाने काढावा आणि त्याचे रोजचे मोजमाप प्रकल्पाच्या दारावर लावावे. निसटणारा मिथेन मोजावा आणि जाळावा. वायूमापक, हवा मारणारा पंखा, श्वसनयंत्र आणि कमरेचा दोर असल्याशिवाय कोणालाही टाकीत उतरवू नये. मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे. बायोगॅसची टाकी वेगळी मानण्याचे कारण नाही.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पडद्यांवर अनेक वर्षे काम करत आहे. प्रयोगशाळेतला कोरडा, स्वच्छ वायू आणि आपल्या भाजीबाजाराच्या कचऱ्यातला दमट, गंधकयुक्त वायू यांत फरक असतो. पडद्याची खरी परीक्षा या दुसऱ्या वायूवर झाली पाहिजे. आणि प्रकल्पाची परीक्षा त्याने किती गाड्या चालवल्या एवढ्यावरच नव्हे, तर तिथला कामगार संध्याकाळी घरी सुखरूप गेला का, यावरही झाली पाहिजे.