घरचंच मूल, तरी कागद हवा

भावाचं किंवा बहिणीचं मूल सांभाळणाऱ्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'रक्ताचंच आहे, कागद कशाला?' बोलणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण या वाक्यानं नुकसान होतं ते मुलाचं, म्हणून ते खोडून काढणं भाग आहे.

आईबाप गेलेली भाची मामाकडे वाढली. मामा हिंदू असेल आणि मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची बायको-मुलं पहिल्या वर्गातले वारस. भाची येते दुसऱ्या वर्गात, तेही चौथ्या नोंदीत, मामाच्या भाऊबहिणींच्याही मागे. 'मृत्युपत्र करून ठेवू की!' जरूर करा. पण मृत्युपत्रानं मालमत्ता मिळेल, आईबाप मिळणार नाहीत. मामा सरकारी नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या यादीत कायदेशीर दत्तक मूल बसतं, सांभाळलेली भाची बसत नाही.

दुसरा भ्रम नोटरीचा. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर चार सह्या केल्या की दत्तक झालं, असं समजणारी शिकलेली माणसंही आहेत. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल देण्याचा हक्क आईबापांचा; दोघंही हयात नसतील तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. आजोबांनी परस्पर लिहून दिलेला कागद त्यामुळे कुचकामी ठरतो. मुलाचं वय साधारणपणे पंधराच्या आत हवं. शिवाय मामाला स्वतःची मुलगी असेल, तर या कायद्यानं त्याला भाची दत्तक घेताच येत नाही.

मग वाट बंद झाली का? मुळीच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं नात्यातलं दत्तक कुठल्याही धर्माच्या कुटुंबाला खुलं केलं आहे. नातं मात्र कायद्यानं मोजून दिलंय: मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. बापाचा चुलतभाऊ त्यात येत नाही. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्यांची किंवा बाल कल्याण समितीची संमती, प्राधिकरणाची पूर्वमान्यता, आणि मग जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. सप्टेंबर 2022 पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. अनाथाश्रमातल्या बाळासाठी लागणारी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी इथं आड येत नाही.

'बापाच्या जमिनीवरचा हक्क जाईल' ही भीती गावाकडे फार. हिंदू दत्तक कायद्याचं कलम 12 तिला सरळ उत्तर देतं: दत्तक जाण्याआधी मुलाच्या मालकीची झालेली मालमत्ता, तिच्यावरच्या जबाबदाऱ्यांसकट, त्याचीच राहते. म्हणजे वारलेल्या बापाचा जो हिस्सा वारसानं मुलाकडे आधीच आला, तो हलत नाही. ही भीती बहुतेक वेळा त्या जमिनीवर डोळा असलेल्याच्या तोंडून ऐकू येते, हेही लक्षात ठेवावं.

यंत्रणेवरचा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. भुसावळच्या न्यायालयानं बहिणीची मुलगी मागणाऱ्या घटस्फोटित मावशीचा अर्ज फेटाळला होता; कारण, ती नोकरी करते, मुलीकडे लक्ष देऊ शकणार नाही! 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौरी गोडसे यांनी तो आदेश रद्द केला आणि अशा विचारामागची बुरसटलेली कुटुंबकल्पना स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. यंत्रणा चुकते, पण तिच्यात चुकीवर दाद मागता येते. स्टॅम्प पेपरवरच्या व्यवहारात दाद कुणाकडे मागणार?

प्रत्येक सांभाळलेलं मूल दत्तकच घ्यावं, असंही माझं म्हणणं नाही. आई हयात आहे आणि तिला आईच राहायचंय, तर तिचं नाव पुसू नका. तिथं पालकत्वाचा आदेश किंवा बालसंगोपन योजनेचा आधार पुरे. फक्त त्या अनुदानाला दत्तक समजू नका. ती संगोपनाला मदत आहे, आणि पालकत्व मूल अठराचं झालं की संपतं.

एका तरतुदीसाठी तरी बाल न्याय कायद्याची ही वाट मला मोलाची वाटते. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. तेराव्याला मोठी माणसं बसून धाकटा काकाकडे, थोरली मावशीकडे अशी वाटणी करतात. पोरं आतल्या खोलीत असतात. त्यांना बाहेर बोलवा, विचारा, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात कोण कधी जाणार हेही त्याच बैठकीत ठरवा.