आधी ताडपत्री, मग अँब्युलन्स

बुलढाणा जिल्ह्यातला खेळाडू म्हटलं की तिरंदाज प्रथमेश जावकर आठवतो. पण इथं उन्हात पळणाऱ्या बहुतेक पोरांच्या छातीवर क्लबचं नाव नसतं, भरतीचा चेस्ट नंबर असतो.

जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना अशी पोरं दगावली. पुढं अंतर घटलं. शिपायाला आता 1600 मीटर पळावं लागतं, राज्य राखीव दलाला मात्र 5 किलोमीटरच. अंतरावर बरीच चर्चा झाली. पडलेल्या पोराचं पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे राहूनच गेलं.

‘आम्ही 44 डिग्रीत पळतो, मुंबईचं ऊन काय!’ ही आमच्या जिल्ह्यातल्या घाटाखालच्या भागाची फुशारकी. मलकापूर-नांदुऱ्याच्या कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि अंग निवतं. मुंबईच्या दमट जूनमध्ये तो नुसता गळत राहतो. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. आमचा उमेदवार पोहोचतो आदल्या रात्री, एसटी स्टँडवर झोपतो आणि उपाशीपोटी रांगेत लागतो.

पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग कोरडं पडेलच असं नाही. पोरगा घामानं निथळत असतो आणि आतलं तापमान चाळिशीपार गेलेलं असतं. त्याच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा. नाव विचारलं तर भलतंच सांगतो, झोकांड्या खातो, सरांच्याच अंगावर धावून जातो. काखेतला थर्मामीटर इथं फसवतो. पॅरासिटामॉलही निरुपयोगी, कारण ही उष्णता पळणाऱ्या स्नायूंची आहे, तापाच्या आजाराची नाही.

108 ला फोन करायचाच, पण हातावर हात ठेवून बसायचं नाही. शेतातली ताडपत्री घ्या. चौघांनी कोपरे उचलून धरायचे, मधे पोराला निजवायचं, लग्नात येतात तसे थंड पाण्याचे चार-पाच जार ओतायचे, बर्फ मिळाला तर तोही. एकानं काखेत हात घालून डोकं वर धरायचं, बाकीच्यांनी पाणी हलवत राहायचं. अर्ध्या तासात अंग निवलं तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. आपल्याकडे नेमकं तेच आधी करतात, वर नाकाला कांदा लावतात.

गावात टँकर येतो तिथं शंभर लिटर पाणी आणायचं कुठून, असं कुणी विचारेल. रास्त आहे. पण दरमहा फी घेणाऱ्या भरती अकादमीला पाच जार जड नाहीत, भरती घेणाऱ्या खात्याला तर नाहीतच.

खरी अडचण वेगळीच आहे. सामन्यात खेळाडूला बदली मिळतो. भरतीत थांबला तो बाद, त्यामुळे चक्कर आली तरी पोरगा थांबत नाही. वयाची अट मागं लागलेली, घरी सगळे फोनकडे डोळे लावून. म्हणून थांबवण्याचा अधिकार मैदानावरच्या डॉक्टरला हवा, आणि त्यानं थांबवलेल्या उमेदवाराला धावायला दुसरी तारीख मिळावी. भरतीच्या पुढच्या जाहिरातीत ही तरतूद छापून यायला हवी.