कोळशाच्या खाणीत हिरा सापडत नाही

आमच्यासारखी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुले पास झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "कोळशाच्या खाणीत हिरा सापडला हो !" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही या वाक्याला माझी हरकत आहे. शास्त्राच्या दृष्टीने आणि माणुसकीच्याही.

आधी शास्त्र पाहू. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पण एवढे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पती. हिरा तयार होतो तो जमिनीखाली सुमारे दीडशे किलोमीटर खोल, आणि ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर वर येतो. बहुतेक हिरे तर पृथ्वीवर झाडे उगवण्याच्याही आधीचे आहेत. मग ते कोळशात सापडणार कसे ?

दोघांचे नाते निराळेच आहे. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञाने हिरा जाळून दाखवला. तेवढ्याच वजनाच्या कोळशातून जितका वायू निघतो, तितकाच हिऱ्यातून निघाला. म्हणजे दोन्ही कार्बनच ! फरक अणूंत नाही, त्यांच्या मांडणीत आहे. हिऱ्यातला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला. म्हणून तो कमालीचा कठीण. ग्रॅफाइटमध्ये तीनच शेजारी आणि थरावर थर. ते थर सरकतात, म्हणून कागदावर अक्षर उमटते. आपल्या 'शिसपेन्सिली'त शिसे नसतेच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. याच ग्रॅफाइटचा एकच थर २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने सुटा केला गेला आणि २०१० चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. माझ्या आजोबांनी लाकडाची रास मातीने लिंपून, हवा कोंडून कोळसा पाडला. तसला सच्छिद्र कोळसा पाण्यातला रंग आणि वास शोषून घेतो. हिऱ्याला ते जमत नाही.

आम्हा त्र्यंबककरांना तर हिऱ्याचे नशीब ठाऊकच आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा 'नासक' हिरा १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या हाती गेला. लंडनमध्ये त्याला नवे पैलू पाडले. १९४० मध्ये अमेरिकेतील जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पाडले. मूळचा सुमारे ९० कॅरेटचा हिरा ४३.३८ कॅरेटवर आला. मालकांच्या आवडीप्रमाणे तो घटत गेला आणि गावाकडे उरली हळहळ. आम्हालाही 'हिरा' म्हणून उचलायचे, दुसऱ्यांच्या आवडीचे पैलू पाडायचे आणि गावापासून तोडायचे, असेच का ?

शिवाय मी हिरा ठरले की माझी आई, माझा भाऊ आणि सातवीनंतर कामाला लागलेली माझी मैत्रीण आपोआप कोळसा ठरतात. गणितात ती माझ्यापुढे होती. तिच्यात काही कमी नव्हते. मला शाळेजवळ मामाचे घर होते, तिला नव्हते. फरक एवढाच.

म्हणून प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती, की हिरे शोधत बसू नका. मांडणी बदला. खेड्यावरच्या मुलींना वसतिगृहात जागा मिळू द्या, शेवटच्या एस.टी.च्या वेळेपर्यंत वाचनालय उघडे राहू द्या. मग आमचे कौतुक करण्याचे कारणच उरणार नाही, आणि त्याचा आम्हाला आनंदच होईल.